दहा मायक्रॉनांची वेस

३० अंश तापमानाला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच हवेखाली एक लिटर पाणी कितीही वेळ उघडं ठेवलं, तरी त्यात साडेसात मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मुरत नाही. साखर याच पाण्यात किलोच्या हिशेबाने विरघळते, मीठ शेकडो ग्रॅम. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र पाणी हवेतल्या साठ्याच्या छत्तिसाव्या हिश्श्यावरच 'पुरे' म्हणतं. माशांचं एवढ्यावर भागतं, कारण मासा कल्ल्यांवरून सतत नवं पाणी फिरवत असतो. पण दर मिलिलिटरमागे कोट्यवधी जिवाणू असलेली टाकी चालवायची, तर ही साडेसात मिलिग्रॅमची शिदोरी काही सेकंदांत संपते.

जिवाणू किंवा बुरशी टाकीत वाढवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाची ही जुनी अडचण आहे. पेनिसिलिन सुरुवातीला उथळ बाटल्यांमध्ये बनत असे. बुरशीचा थर द्रावावर तरंगायचा आणि वरच्या हवेतून श्वास घ्यायचा. हे प्रमाण युद्धाला पुरणारं नव्हतं. फायझर कंपनीने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला बर्फाचा एक कारखाना घेऊन तिथे प्रत्येकी ७,५०० गॅलनच्या १४ टाक्या बसवल्या आणि १ मार्च १९४४ रोजी खोल टाकीतलं उत्पादन सुरू केलं. बुरशी आता पाण्याच्या पोटात होती, त्यामुळे हवा तिथवर न्यावी लागली. खालून निर्जंतुक हवेचे बुडबुडे, मध्ये फिरता पंखा. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा पेनिसिलिनबरोबर ढवळत्या टाक्यांची ही विद्याही महाराष्ट्रात आली.

या प्रकरणातली टाकी दिसायला तशीच, पण ती औषध बनवत नाही. तिला कारखान्याची घाण हवा खायला घालतात.

रंगात, थिनरमध्ये, छपाईच्या शाईत, चिकटवण्याच्या द्रव्यांत टोल्यूइन हा द्रावक असतो. वस्तू वाळते म्हणजे द्रावक उडून जातो आणि उडालेलं टोल्यूइन हवेत मिसळतं. बेंझीन, हेक्झेन, एथेनॉल, ॲसिटोन ही त्याचीच बिरादरी. बेंझीन तर ठरलेलं कर्करोगजनक. अशी हवा धुराड्यातून सोडण्याआधी साफ करायचे रुळलेले मार्ग दोन: कोळशावर शोषून घेणं, नाहीतर आठेकशे अंशांना जाळणं. पहिल्यात भरलेल्या कोळशाचं पुढे काय करायचं हा प्रश्न उरतो. दुसऱ्यात काही ग्रॅम टोल्यूइनसाठी अख्खी घनमीटरभर हवा तापवावी लागते. तिसरा मार्ग म्हणजे जिवाणूंना ते खाऊ देणं. अमेरिकेत रिचर्ड पोमेरॉय यांनी १९५७ मध्ये घेतलेल्या पेटंटात दुर्गंधीची हवा जमिनीतल्या जिवाणूंमधून सोडून निवळण्याची कल्पना होती. पुढे युरोपात कंपोस्ट आणि पीट भरलेले बायोफिल्टर चांगले रुळले. दमट कंपोस्टच्या कणांवर जिवाणूंचा पातळ थर, त्याच्यामधून हळूहळू सरकणारी हवा. वीज जवळजवळ लागत नाही.

पण बायोफिल्टरचा स्वभाव संथ आहे. हवा विरळ आणि भरपूर असेल तिथे त्याला तोड नाही. द्रावकाचं बाष्प दाट असलं, त्याचं प्रमाण दिवसातून चार वेळा चढत-उतरत असलं, की त्याची दमछाक होते. जिवाणू माजून वाटा बुजतात, एका कोपऱ्यात आम्लता साचते, दुसरा कोपरा वाळतो, आणि आत हात घालून काही दुरुस्त करता येत नाही. ढवळत्या टाकीत सगळीकडे एकच पाणी असतं. आम्लता, तापमान, नायट्रोजन, फॉस्फरस हवं तसं राखता येतं, माजलेले जिवाणू काढून टाकता येतात. या सोयीची किंमत एकच: जिवाणू आता पातळ ओल्या थरात नाहीत, मीटरभर खोल पाण्यात आहेत. ऑक्सिजनचा प्रश्न पुन्हा दारात उभा.

आकडे घालून पाहिल्याशिवाय त्याची धार कळत नाही. एक घनमीटर पाण्याची टाकी घेऊ. तळाशी भोकांचं कडं, त्यातून ताशी २९ घनमीटर हवा येते, आणि तिच्या दर घनमीटरात सुमारे ७ ग्रॅम टोल्यूइन आहे. म्हणजे ताशी २०० ग्रॅम टोल्यूइनचा घास. ९२ ग्रॅम टोल्यूइन पूर्ण जाळायला २८८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, ग्रॅमला तीन ग्रॅमहून थोडा जास्त. प्रत्यक्षात टोल्यूइनमधला काही कार्बन जिवाणूंच्या अंगाला लागतो, त्यामुळे गरज थोडी कमी भरते; पण इथे पूर्ण ज्वलन धरून चालू. ताशी ६२६ ग्रॅम ऑक्सिजन हवा. टाकीतल्या पाण्यात आहे साडेसात ग्रॅम. हवा बंद पडली तर हा साठा ४३ सेकंद टिकेल.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. त्या २९ घनमीटर हवेबरोबर ताशी पावणेआठ किलो ऑक्सिजन टाकीत शिरतो. गरजेच्या बारा पट! वरून निघून जाणाऱ्या हवेतही गरजेच्या अकरा पट ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि तरीही जिवाणू गुदमरू शकतात. अडचण ऑक्सिजनच्या टंचाईची नाही, बुडबुड्यातून पाण्यात उतरण्याची आहे. बुडबुडा आणि पाणी यांच्यामध्ये एक वेस आहे आणि ती फार हळू उघडते.

हवेत ऑक्सिजनचा रेणू जितक्या सहज पसरतो, त्याच्या दहा हजाराव्या भागाने तो पाण्यात पसरतो. बुडबुड्याच्या आतल्या वायूत तो झपाट्याने कडेपर्यंत पोहोचतो. कडेला लागून पाण्याचा जो पातळ, जवळजवळ न हलणारा पदर असतो, तिथे त्याचा वेळ जातो. वॉरन लुइस आणि वॉल्टर व्हिटमन यांनी १९२३-२४ मध्ये या पदराचं चित्र मांडलं. वायूच्या बाजूला एक पदर, पाण्याच्या बाजूला एक. सगळा अडसर या दोन पदरांत, बाकी सगळं नीट मिसळलेलं. ऑक्सिजनसारख्या पाण्याला नकोशा वायूच्या बाबतीत अडसर जवळजवळ पूर्णपणे पाण्याच्या बाजूचा. नेहमीच्या ढवळत्या टाकीचे आकडे या चित्रात घातले, तर पदराची जाडी दहा मायक्रॉनच्या आसपास येते. केसाच्या जाडीचाही तो एक छोटा हिस्सा.

हा पदर खरा नाही, असं केंब्रिजचे पीटर डँकवर्ट्स यांचं म्हणणं होतं. डँकवर्ट्स हा माणूसच वेगळा. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असताना पॅराशूटने टाकलेले सुरुंग निकामी करण्याच्या कामाबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता. १९५१ मध्ये त्यांनी मांडलं की पृष्ठभागाशी पाणी अडून बसत नाही. आतल्या खळबळीने नवं पाणी सतत वर येतं, क्षणभर वायूला भिडतं, ऑक्सिजन घेतं आणि पुन्हा आत जातं. जितकी खळबळ जास्त, तितकी ही अदलाबदल जलद. भौतिकदृष्ट्या हेच चित्र अधिक पटणारं आहे. पण हिशेबाला पदराचं चित्र सोपं, म्हणून इंजिनिअर मंडळी बोलताना अजूनही 'फिल्म'च म्हणतात. मीही या प्रकरणात तेच करणार आहे.

या डँकवर्ट्सकडे केंब्रिजला पीएच.डी. करून मनमोहन शर्मा मुंबईला परतले आणि माटुंग्याच्या यूडीसीटीमध्ये, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. वायू आणि द्रव एकमेकांना नेमके किती चौरस मीटरवर भेटतात, हे रासायनिक अभिक्रियांच्या मदतीने मोजण्याच्या पद्धती त्यांच्या कामाने रुळल्या. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. ज्येष्ठराज जोशी, अनिरुद्ध पंडित आणि शर्मा यांचा १९८२ चा ढवळत्या वायू-द्रव टाक्यांवरचा आढावा या विषयात शिरणाऱ्याला आजही वाचावा लागतो. बुडबुड्यांच्या या शास्त्राचं एक मोठं घराणं माटुंग्याचं आहे, हे मराठी वाचकाला माहीत असावं.

चौरस मीटरांचा मुद्दा महत्त्वाचा, कारण वेस पातळ करणं फारसं हाती नसतं. तिची लांबी वाढवणं हाती असतं. आपल्या एक घनमीटरात दहा टक्के जागा बुडबुड्यांनी व्यापली आहे आणि बुडबुडा सरासरी तीन मिलिमीटरचा आहे असं धरा. सगळ्या बुडबुड्यांचा मिळून पृष्ठभाग भरतो २०० चौरस मीटर, एखाद्या प्रशस्त घराइतका. बुडबुडे एक मिलिमीटरचे करता आले तर तोच ६०० चौरस मीटर होईल. पदरातून जाण्याचा वेग गुणिले हा पृष्ठभाग, या गुणाकाराला धंद्यातली माणसं 'केएलए' म्हणतात. टाकीची सगळी कर्तबगारी या एका आकड्यात येते. त्याचं एकक 'दर तासाला' असं असतं. केएलए १०० असेल आणि पाण्यातला ऑक्सिजन शून्यावर असेल, तर ताशी साडेसातच्या शंभर पट, म्हणजे घनमीटरला ७५० ग्रॅम ऑक्सिजन पाण्यात उतरेल. शून्यावर टाकी चालवता येत नाही. दोन मिलिग्रॅम राखायचे, तर ऑक्सिजनला आत खेचणारा फरक, म्हणजे ओढ, साडेपाचाचीच उरते.

बुडबुडे बारीक करण्याचं काम पंख्याचं. सर्वांत प्रसिद्ध पंखा रश्टन यांच्या नावाचा: एक गोल चकती आणि तिच्या कडेला सहा उभी सपाट पाती. रश्टन आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये अशा पंख्यांना किती वीज लागते याचं पद्धतशीर कोष्टक दिलं. चकती का, तर खालून येणारी हवा पंख्याच्या मधून सरळ वर निसटू नये, कडेच्या पात्यांवरूनच जावी. टाकीच्या भिंतीला चार उभ्या पट्ट्या, बॅफल. त्या नसतील तर पाणी नुसतं गोल फिरतं, मध्ये खळगा पडतो आणि मिसळण होत नाही. पात्याच्या पाठीमागे कमी दाबाची जागा तयार होते आणि हवा तिथे पोकळी करून बसते. त्या पोकळीच्या शेपटीतून बारीक बुडबुडे तुटून निघतात. हवा जास्त झाली की पोकळ्या मोठ्या होतात, पातं पाण्याऐवजी हवाच कापायला लागतं, पंख्याची ताकद निम्म्यावर येते. आणखी वाढवली, तर पंखा हवेत बुडतो. याला 'फ्लडिंग' म्हणतात. तेव्हा टाकीच्या मधोमध मोठमोठे बुडबुडे सरळ वर येऊन फुटताना दिसतात. अंतर्वक्र पात्यांचे नवे पंखे या त्रासातून बऱ्यापैकी सुटले आहेत.

पंखा जोरात फिरवला म्हणजे झालं, असं वाटतं. इथे निसर्ग वसुली कडक करतो. वेग दुप्पट केला तर वीज आठ पट लागते. आणि नेदरलँड्सच्या व्हान्ट रीट यांनी १९७९ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून जे सूत्र दिलं, त्यानुसार साध्या पाण्यात केएलए विजेच्या ०.४ घातानेच वाढतो: आठ पट वीज ओतून सव्वादोन पट केएलए. उलट दिशेने वाचलं तर हे अधिक बोचतं. जिवाणूंचा घास दुप्पट केला, तर ऑक्सिजन दुप्पट लागणार, आणि त्यासाठी ढवळायची वीज साडेपाच पट. आपल्या टाकीला ताशी २०० ग्रॅम टोल्यूइनसाठी या सूत्राने सुमारे अर्धा किलोवॅट पुरतो. ३०० ग्रॅम करायचे म्हटलं की जवळपास दीड.

इथवरची गोष्ट पेनिसिलिनच्या टाकीसारख्या कुठल्याही फर्मेंटरला लागू पडते. बाष्प खाणाऱ्या टाकीचं वेगळेपण पुढे आहे आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच. पेनिसिलिनच्या टाकीत अन्न पाण्यात असतं आणि श्वास बुडबुड्यातून येतो. इथे अन्न आणि श्वास दोन्ही एकाच बुडबुड्यातून येतात. टोल्यूइनलाही तीच वेस ओलांडायची आहे.

पण वेशीवर दोघांना सारखी वागणूक नाही. समतोल साधला तर टोल्यूइन हवेपेक्षा पाण्यात जवळपास पावणेचार पट जास्त राहतं. ऑक्सिजन छत्तिसावा हिस्सा. एथेनॉलला तर पाणी हजारो पटींनी जास्त पसंत. त्याचा बुडबुडा पाण्यात शिरल्या शिरल्या रिकामा होतो. हेक्झेन उलट्या टोकाला: त्याला पाण्याचा तिटकारा ऑक्सिजनपेक्षाही जास्त. त्यामुळे हेक्झेनच्या टाकीत जिवाणूंना अन्न कमी पडतं, ऑक्सिजन पडून असतो. टोल्यूइन, बेंझीन, एथेनॉल दाट असतील तेव्हा अन्न धो धो येतं आणि श्वास अपुरा पडतो. 'बायोरिॲक्टरला ऑक्सिजन पुरत नाही' असं सरसकट विधान म्हणूनच करता येत नाही. कोणतं बाष्प, किती दाट, हे आधी विचारावं लागतं. आपल्याच टाकीत घनमीटरला ७ ऐवजी १ ग्रॅम टोल्यूइन असलेली हवा सोडली, तर ताशी ९१ ग्रॅम ऑक्सिजन पुरेल आणि पंखा रमतगमत फिरवला तरी चालेल. तशी हवा खरं तर बायोफिल्टरकडेच पाठवावी.

दाट बाष्पात ऑक्सिजन कमी पडला, तर ऑपरेटर सवयीने हवेची चावी उघडेल. फर्मेंटरमध्ये हा उपाय बरोबर आहे. इथे तीच हवा वाढवली तर ऑक्सिजनबरोबर टोल्यूइनही वाढतं. ज्याला श्वास घेता येत नाही त्याच्या ताटात आणखी वाढल्यासारखं. शुद्ध हवा वेगळी सोडली तर बाष्प विरळ होतं आणि बुडबुडे टाकीतून लवकर निसटतात, म्हणजे न खाल्लेलं टोल्यूइन धुराड्यात. शिवाय हवा दुप्पट करूनही केएलए दीड पटसुद्धा होत नाही. मग शुद्ध ऑक्सिजन का मिसळू नये? ओढ कितीतरी वाढेल. पण हवेत टोल्यूइनचं प्रमाण १.२ टक्क्यांच्या आसपास, घनमीटरला साधारण ४५ ग्रॅम झालं की ते पेट घेऊ शकतं. म्हणून कारखाने या मर्यादेच्या चौथ्या हिश्श्याच्या, म्हणजे ११ ग्रॅमच्या आत राहायला पाहतात. तिथे सिलिंडर जोडून ऑक्सिजन वाढवायचा, तर आधी सुरक्षा खात्याशी सविस्तर बोलावं लागतं.

जिवाणूंच्या आत पाहिलं तर ऑक्सिजनचा प्रश्न आणखी खोल जातो. स्यूडोमोनास पुटिडासारख्या जिवाणूला ऑक्सिजन नुसता श्वासाला लागत नाही. टोल्यूइनचं सहा कार्बनांचं कडं फार टिकाऊ. ते फोडण्यासाठी काही जिवाणूंची विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूचे दोन्ही अणू सरळ त्या कड्यावर बसवतात. पुढच्या टप्प्यात कडं उघडतानाही पुन्हा ऑक्सिजनच. जपानचे ओसामू हायाइशी यांनी १९५५ मध्ये जड ऑक्सिजन वापरून दाखवलं की असा ऑक्सिजन पाण्यातून नव्हे, थेट हवेतल्या रेणूतून येतो. त्याआधी बहुतेकांची समजूत उलटी होती. म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की जिवाणू दमतो एवढंच होत नाही. घासाचा पहिला तुकडाच मोडता येत नाही.

मग टोल्यूइन पाण्यात साचतं. थोडं साचलं तर अन्न, जास्त साचलं तर विष; ते जिवाणूच्या पटलातच विरघळतं. जिवाणू मरायला लागले की ऑक्सिजन कोणी वापरत नाही आणि पडद्यावर डीओचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा, आकडा हळूहळू वर चढतो. नवख्याला वाटतं, टाकी सावरली. अनुभवी माणूस आधी बाहेर जाणाऱ्या हवेतलं टोल्यूइन बघतो.

बुडबुड्यांच्या आकाराबाबत बाष्प स्वतःही ढवळाढवळ करतं. शुद्ध पाण्यात पंख्याने फोडलेले बुडबुडे पुढे जाऊन एकमेकांत मिसळतात आणि मोठे होतात. पाण्यात क्षार किंवा थोडं अल्कोहोल असेल तर मिसळायला धजत नाहीत. किनाऱ्यावर समुद्राच्या लाटेचा फेस जसा बारीक आणि टिकाऊ असतो तसा नदीच्या पाण्याचा नसतो, त्याचं हेच कारण. व्हान्ट रीट यांनी क्षारयुक्त पाण्यासाठी वेगळं सूत्र दिलं होतं. घनमीटरला एक किलोवॅट वीज आणि आपलीच हवा घातली, तर साध्या पाण्यात केएलए १५०च्या आसपास येतो, क्षारयुक्त पाण्यात ३६०. बेकरीच्या भट्टीतून निघणारं एथेनॉलचं बाष्प खाणारी टाकी अशा रीतीने स्वतःची ऑक्सिजनची सोय थोडी स्वतःच करते. टोल्यूइन पाण्यात इतकं कमी उरतं की त्याचा असा उपयोग नाही. आणि जिवाणूंच्या प्रथिनांनी फेस चढला म्हणून सिलिकोनचं फेसनाशक दोन थेंब जास्त पडलं, की बुडबुडे पटापट एकमेकांना मिळतात आणि केएलए झपकन खाली येतो. फेस आणि श्वास यांच्यात ऑपरेटरला रोज तोडपाणी करावं लागतं.

हे सगळं मोजायचं कसं, हाही सरळ मामला नाही. १९४४ मध्ये सल्फाइटच्या द्रावाची पद्धत आली: सल्फाइट ऑक्सिजन खातो, किती खाल्ला ते मोजा. पण तो द्राव खारट, म्हणून बुडबुडे बारीक आणि आकडे गुलाबी. त्या आकड्यांवर विसंबून साध्या पाण्याची टाकी बांधली तर पंचाईत. १९६७ मध्ये बंद्योपाध्याय, हम्फ्री आणि तागुची यांनी चालू टाकीतच मोजायची युक्ती दिली. हवा क्षणभर बंद करा. ऑक्सिजन ज्या वेगाने उतरतो तो जिवाणूंचा खप. हवा पुन्हा सुरू करा. ज्या वेगाने चढतो त्यातून केएलए काढा. फर्मेंटरसाठी ही पद्धत झकास आहे. बाष्पाच्या टाकीत हवा बंद करणं म्हणजे जेवण बंद करणं. पाण्यात त्या वेळी टोल्यूइन असतं लिटरला एखादा मिलिग्रॅम, ते अठरा-वीस सेकंदांत संपतं आणि उताराची रेघ मध्येच वाकते. दुसरा मार्ग, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेतल्या ऑक्सिजनचा फरक मोजणं. आपल्या टाकीत तो २०.९ वरून १९.३ टक्क्यांवर येतो, म्हणजे मोजता येतो. बाष्प विरळ असेल तर फरक इतका बारीक होतो की उपकरणाच्या चुकीतच हरवतो.

पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा तो सळईसारखा प्रोब अमेरिकेच्या लेलंड क्लार्क यांची देणगी. प्लॅटिनमचा तुकडा, त्यावर प्लॅस्टिकची पातळ त्वचा; ऑक्सिजन तेवढा आत येतो, बाकी रक्तातली किंवा टाकीतली घाण बाहेर राहते. १९५६ मध्ये त्यांनी तो रक्तातल्या ऑक्सिजनसाठी जाहीर केला, पुढे साऱ्या टाक्यांनी उचलला. याच क्लार्क यांनी फ्रँक गोलन यांच्याबरोबर १९६६ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला: ऑक्सिजनने भरलेल्या फ्लुओरोकार्बन द्रवात उंदीर पूर्ण बुडवला आणि तो द्रवातूनच श्वास घेत जिवंत राहिला. या द्रवांत पाण्याच्या पंधरा-वीस पट ऑक्सिजन मावतो.

वेशीला बगल देण्याची कल्पना इथून फार दूर नाही. टाकीच्या पाण्यात दहा-वीस टक्के असा दुसरा द्रव घालायचा, जो पाण्यात मिसळत नाही, जिवाणूंना मारत नाही, आणि ज्याला बाष्प व ऑक्सिजन दोन्ही प्रिय आहेत. पंखा त्याचे बारीक थेंब करतो. बाष्पाची लाट आली की थेंब ती पिऊन ठेवतात आणि नंतर जिवाणूंना पुरवून पुरवून देतात. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात अँड्र्यू डॉगुलिस यांच्या गटाने हेक्झाडेकेन वापरून बेंझीनची हवा अशी साफ केली. २००३ मध्ये त्यांनी ताशी घनमीटरला २९० ग्रॅमच्या आसपास बेंझीन ९५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेने संपवल्याचे आकडे दिले. बायोफिल्टर सहसा याच्या बऱ्याच खाली असतात. त्या दराला हिशेबाने ताशी नऊशे ग्रॅमपर्यंत ऑक्सिजन लागतो. म्हणजे बाष्पाचा प्रश्न थेंबांनी सोडवल्यावर पुढची भिंत ऑक्सिजनचीच होती.

दुसऱ्या द्रवाच्या निवडीत गमतीजमती आहेत. हेक्झाडेकेन १८ अंशांना गोठतं. थंडीत टाकी रात्री बंद ठेवली, तर सकाळी वर मेणाचा थर. काही जिवाणूंना ते आवडतंही, आणि मग ते टोल्यूइन सोडून तेच खात बसतात. सिलिकोन तेल जिवाणू खात नाहीत, हेक्झेनसारख्या पाण्याला न जुमानणाऱ्या बाष्पाला ते फार उपयोगी पडतं, पण महाग आहे आणि ढवळल्यावर पाण्यापासून वेगळं करायला नाकी नऊ आणतं. फ्लुओरोकार्बन ऑक्सिजनला सर्वोत्तम. त्याची किंमत ऐकून हवा शुद्ध करणारे गप्प होतात. प्लॅस्टिकचे मणी हा स्वस्त पर्याय. ते टोल्यूइन चांगलं शोषतात, हाताने उचलून परत वापरता येतात. मात्र मणी मोठे, म्हणून ऑक्सिजनला त्यांचा फायदा तेलाच्या थेंबांइतका होत नाही.

शेवटी एक हिशेब असा, जो प्रयोगशाळेच्या तीन लिटरच्या टाकीत लक्षातही येत नाही. ताशी २०० ग्रॅम टोल्यूइन जिवाणूंनी खाल्लं काय किंवा भट्टीत जाळलं काय, उष्णता जवळपास तेवढीच: सव्वादोन किलोवॅट. पंख्याचा अर्धा किलोवॅटही पाण्यात घुसळून उष्णताच होतो. छोट्या टाकीची भिंत ही ऊब सहज बाहेर टाकते. एक घनमीटरचं पाणी मात्र थंड केलं नाही तर तासाला दोनेक अंशांनी तापत जाईल. ४० अंशांना पाण्यात ऑक्सिजन मावतो ६.४ मिलिग्रॅम, साडेसात नव्हे. ओढ कमी झाली म्हणून पंखा जोरात फिरवावा, तर पाणी आणखी तापतं. म्हणून अशा टाकीच्या आराखड्यात पंख्याच्या मोटरइतकीच काळजी थंड पाण्याच्या नळ्यांची घ्यावी लागते, आणि ती मे महिन्यात कूलिंग टॉवरमधून किती अंशांचं पाणी मिळेल ते धरून.